बोसेंच्या वडिलांचं गाव

१४ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरचे ते म्हातारे बंगाली नाहीत! बेलच्या पाटीवर ‘बोसे’ वाचून आल्यापासून माझा तोच समज. आज आमचं टपालाचं पार्सल त्यांच्याकडे ठेवलं होतं, ते द्यायला वर आले. सहा फूट उंच, पांढरे केस, निळे डोळे. मानफ्रेड बोसे. अस्सल जर्मन, इथलेच, ब्राउनश्वाइगचे. मी मनातल्या मनात खजील.

इंग्रजी बोलतात, सावकाश, शब्द वेचून. माझंही तसंच – तहसील कचेरीतलं इंग्रजी. त्यामुळे छान जमलं.

टेबलावर लेकाचा, सिद्धांतचा लॅपटॉप उघडा होता. ह्यांनी सकाळपासून वाईहून फोनवर डोकं खाल्लं होतं – विहिरीची नोंद सातबाऱ्यावर चढली का बघ. बोसेंनी विचारलं, हे काय? म्हटलं, आमच्या शेताचा सरकारी उतारा. कोण कसतं, आधी कुणाच्या नावावर होतं, त्याच्या आधी कुणाच्या. माझ्या आजेसासऱ्यांपर्यंत मागे जाता येतं.

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांना मराठी अक्षर कळत नाही, तरी. मग म्हणाले, “असं आयर्लंडमध्येही असतं का?”

मला काय ठाऊक! पण आयर्लंडच का?

१५ सप्टेंबर

कळलं. बोसे आज प्लमचा केक घेऊन आले आणि केकला हात न लावता सगळं सांगून गेले.

त्यांचे वडील आयरिश. ब्रिटिश सैन्यात होते. लढाई संपल्यावर इथे ब्रिटिशांचा अंमल होता, तेव्हा पलटणीबरोबर या गावात आले. बोसेंची आई पलटणीच्या धुलाईघरात कामाला. ४६ च्या हिवाळ्यात पलटण हलली, ४७ च्या वसंतात बोसे जन्मले. बोसे हे आईचं आडनाव. वडिलांना त्यांनी कधी पाहिलं नाही. फोटो नाही, कागद नाही, काही नाही. आईने सांगितलेलं नाव – थॉमस रुआन. आणि गाव – क्लुनादार. तेही असं तोंडी.

“त्याला माहीत होतं का, तुम्ही होणार आहात ते?” मी विचारून बसले. नको होतं विचारायला.

“आई म्हणायची, माहीत होतं.”

मग म्हणाले, तिशीत असताना रात्रशाळेत जाऊन इंग्रजी शिकलो. कारखान्यात लागत नव्हतं. “कधी भेटलाच तर बोलता यावं म्हणून.”

सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. म्हटलं, बघते मी.

१७ सप्टेंबर

हे म्हणतात, “सदतीस वर्षं लोकांच्या जमिनी बघितल्यास, आता परदेशातही तेच? जरा फिरून ये की!”

फिरतेच आहे. क्लुनादारभोवती.

१९ सप्टेंबर

आज ईप्सिता मदतीला बसली. सूनबाई पीएच.डी. करतेय धातूंवर, पण हे तिला त्याहून आवडलेलं दिसतं. ‘क्लून’ म्हणजे आयरिश भाषेत गवताचं कुरण, म्हणून तिथली अर्धी गावं क्लूनने सुरू होतात! क्लूनमोर, क्लूनीन, क्लूनफाड... जसं आपल्याकडे वाडी. जर्मन कानांनी ऐकलेलं, जर्मन जिभेने सत्तर वर्षं जपलेलं नाव – ते इंग्रजीत कसं लिहिलं असेल कोण जाणे.

ईप्सिता म्हणाली, “आई, आपण आडनावाकडून जाऊ या. रुआन कुठे जास्त आहेत ते बघू.”

मेयो नावाचा जिल्हा निघाला. पश्चिमेला, अगदी समुद्राकडे.

२२ सप्टेंबर

सापडलं!!

क्लूनाडारा. मेयोच्या उत्तरेला. टीचभर गाव.

१८५६ साली इंग्रज सरकारने कर बसवायला म्हणून सगळ्या आयर्लंडची मोजणी केली होती. प्रत्येक घर, प्रत्येक तुकडा. कोण राहतं, जमीन कुणाकडून घेतली, एकर किती, आकार किती. ते सगळं दफ्तर आता इंटरनेटवर, कुणीही बघावं. छापील पानं! मी चष्मा पुसून बसले. नवऱ्याच्या भाषेत सांगायचं तर माझ्या अंगात आलं.

क्लूनाडारात चार रुआन. त्यातले दोन पॅट्रिक रुआन! मग काय केलंय – नावापुढे कंसात बापाचं नाव. म्हणजे आपल्यासारखंच की. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

बोसेंना हाक मारली. ते चपलांतच वर आले. ‘थेट जमीन देणारा’ असा एक रकाना आहे, त्यात सगळीकडे एकाच लॉर्डचं नाव. मी समजावलं – हा मालक. तुमचे रुआन कुळं होते, खंड भरून कसणारे.

“पाख्टर?” त्यांनी आपल्या भाषेत विचारलं.

“गेनाऊ!” मी म्हटलं. म्हणजे अगदी बरोबर. माझा पहिला गेनाऊ. ईप्सिता हसून हसून लाल.

बोसे नाही हसले. स्क्रीनवरच्या त्या नावावर बोट ठेवून उभे होते. “हे खरंच आहे तर,” म्हणाले. “मला कधीकधी वाटायचं, आईने गावाचं नाव बनवून सांगितलं असेल.”

२४ सप्टेंबर

पण चारांतले आपले कोणते?

२५ सप्टेंबर

आज बागेच्या बाकावर बोसेंना खोदून खोदून विचारलं. आई आणखी काय सांगायची? काहीही. कपडे, खाणं, हात कसे होते...

“हात भाजलेले होते,” म्हणाले. “छोटे छोटे डाग. तो घोड्यांना नाल मारायचा. बटालियनचे नव्हे, इथल्या शेतकऱ्यांचे. लढाईनंतर लोहार उरले नव्हते. त्या बदल्यात बटाटे आणायचा आईला.”

मी तिथून उठलेच! जिन्याने वर – गुडघे विसरून. दोघा पॅट्रिकांपैकी एकाच्या नावापुढे लिहिलंय: घर, लोहाराची भट्टी व जमीन. बाकी तिघांपुढे नुसतं घर व जमीन.

हाच. पणजोबा की खापरपणजोबा ते बघू. पण हाच.

३ ऑक्टोबर

इथली राष्ट्रीय सुट्टी. सगळं बंद. रस्त्यात चिटपाखरू नाही. १८५६ नंतरची पुस्तकं डब्लिनला आहेत, ईप्सिताने मेल केली आहे. मला दुसरं काही सुचत नाही. पोळ्या करपल्या.

११ ऑक्टोबर

डब्लिनहून पानं आली. काय सुंदर दफ्तर ठेवलंय! दरवर्षी कारकून गावात जायचा, बदल झाला असेल तर जुनं नाव खोडून वर नवं लिहायचा, आणि प्रत्येक सालाची शाई वेगळी. तांबडी, हिरवी, निळी, जांभळी. म्हणजे रंग बघून साल ओळखायचं. आमच्या साहेबांनी हे बघायला हवं होतं.

पॅट्रिक गेला, अँथनी आला. तांबडी शाई. अँथनी गेला, जेम्स आला. मध्येच एक शिक्का – कायद्याने जमीन खरेदी. लॉर्डचं नाव कायमचं खोडलं. म्हणजे त्यांचा कूळकायदाच! कसेल तो मालक. मी टाळीच वाजवली. बोसे म्हणाले, “फ्राउ कुंदा, तुम्ही फुटबॉल बघत असल्यासारख्या दिसता.”

आणि मग १९४८. निळ्या शाईत, जेम्सच्या डोक्यावर – थॉमस रुआन.

बोसे खुर्चीत बसले. हळूच म्हणाले, “म्हणजे इथून तो घरी गेला. घरी पोचला.” किती समाधान होतं त्यांच्या चेहऱ्यावर!

मी पुढचं पान उघडलं. १९५२, हिरवी शाई. थॉमस रुआनवर रेघ. वर – मार्टिन मोरन.

आडनाव दुसरं. मी सवयीने बोलून गेले, “विकली दिसते जमीन.”

“विकली?”

“आडनाव बदललं म्हणजे बहुतेक तसंच.”

ते उठले. चष्मा खिशात घातला. “तर मग तो मोकळा होता,” म्हणाले. “शेत नाही, काही नाही. कुठेही जाऊ शकत होता. इथेही येऊ शकत होता.”

केवढ्या सभ्यपणे आभार मानले माझे. आणि खाली गेले.

१२ ऑक्टोबर

बेल वाजवली. आत रेडिओ चालू होता. दार उघडलं नाही.

१४ ऑक्टोबर

ह्यांना सगळं सांगितलं. नेहमीसारखं चिडवतील वाटलं होतं. पण शांतपणे म्हणाले, “कुंदा, फेरफार बघितलास का? खरेदी होती की वारस?”

“तिथे फेरफार नसतो हो. नुसतं नाव आणि साल.”

“मग विकली हे तुला कुणी सांगितलं?”

कुणीच नाही. मीच! बहिणीच्या नवऱ्याच्या नावावर चढलेल्या शेकडो जमिनी मी बघितल्यात. मुलीकडे गेलेल्या, भाच्याकडे गेलेल्या. वाईत एखाद्या नव्या कारकुनाने असं बेधडक विधान केलं असतं तर त्याला मी उभं केलं नसतं. आणि इथे एका माणसाला, त्याच्या बापाबद्दल...



१९ ऑक्टोबर

कचऱ्याच्या डब्यांपाशी भेटले. “मॉर्गन,” म्हणाले, म्हणजे सुप्रभात. मीही मॉर्गन. एवढंच.

२४ ऑक्टोबर

मी म्हटलं, ईप्सिता, तिथल्या चर्चला मेल टाक. मोरन कोण ते त्यांना माहीत असणार. सिद्धांत कामावरून नुकताच आला होता, बूट काढता काढता म्हणाला, “आई, बोसेंना न विचारता? इथे असं चालत नाही. आणि त्यांनाच नको असेल तर?”

बरोबर आहे त्याचं. राग आला, पण बरोबर आहे.

खाली गेले. या वेळी दार उघडलं. उभ्यानेच सांगितलं – मी चुकले. मला माहीत नव्हतं तरी बोलले. जमीन विकली असेल, नसेलही. विचारायचं का चर्चला?

“नको,” म्हणाले. “इतकी वर्षं मला काहीच माहीत नव्हतं, ते बरं होतं. माहीत नसताना मी काहीही समजू शकत होतो.”



२७ ऑक्टोबर

घड्याळं तासभर मागे केली. पाच वाजताच अंधारून आलं.

बेल वाजली. दारात बोसे. आत आले नाहीत. “लिहा त्यांना,” म्हणाले आणि वळले.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. बोसेंना जेवायला बोलावलं होतं. टाय लावून आले! चकली आवडली, अनारशाला ‘छिद्रांचं बिस्कीट’ म्हणाले. ईप्सिताने पणत्या लावल्या, तेव्हा जर्मनीत नाताळला विजेच्या दिव्यांच्या कसल्या कसल्या माळा लावतात ते सिद्धांतला सांगत बसले.

मग मधेच, कुणी विचारलं नसताना – “शाळेत मला टॉमीचा पोरगा म्हणायचे. टॉमी म्हणजे इंग्रज शिपाई. मला सांगावंसं वाटायचं की तो इंग्रज नाही, आयरिश आहे. पण त्याने काय फरक पडला असता?”

आईने पुन्हा लग्न केलं नाही. मागण्या आल्या होत्या. ती म्हणायची, माझं झालंय.

८ नोव्हेंबर

मेल आली. चर्चच्या कचेरीतल्या बाईंची. ईप्सिताने मोठ्याने वाचली, मी तिला पुन्हा वाचायला लावली.

थॉमस रुआन, लोहार व शेतकरी, क्लूनाडारा. मृत्यू फेब्रुवारी १९५१. वय एकोणतीस. क्षय. अविवाहित. मार्टिन मोरन हा धाकट्या बहिणीचा, नोराचा नवरा. तिचा मुलगा डर्मट मोरन आजही तीच जमीन कसतो. त्याचा फोन नंबर विचारून कळवते, तो हो म्हणाला तर.

विकली नव्हती. मेला होता.

मीच खाली गेले. सिद्धांत म्हणाला मी येतो बरोबर, म्हटलं नको. चुकीचं मी सांगितलं होतं, बरोबरही मीच सांगणार. बोसे स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मी सांगत असताना सोलत राहिले. संपल्यावर सुरी ठेवली.

“कशाने?”

“क्षय. फुफ्फुसाचा.”

“एकोणतीस.” नळ सोडून हात धुतले, बराच वेळ. “मी आयुष्यभर एका म्हाताऱ्याशी भांडत होतो, फ्राउ कुंदा. आणि तो पोरगा होता.”

मग मला बसवलं, बटाटे उकडले, लोणी घातलं, दोघांनी खाल्ले.

१६ नोव्हेंबर

डर्मट मोरनचा नंबर आला. चर्चच्या बाईंनी त्याला फक्त एवढंच सांगितलंय की जर्मनीतून कुणीतरी रुआन घराण्याची चौकशी करतंय. कोण, कशाला – ते नाही.

बोसे फोन करायला तयार नाहीत. “काय सांगू? तुमच्या मामाचा मुलगा बोलतोय, ज्याच्याबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

खोटा धीर द्यावासा वाटेना. मी कचेरीत काय बघितलंय ते सांगितलं. मागून वारस निघाला की घरातली माणसं आधी दार लावतात. प्रेमाची माणसंसुद्धा. शेवटी त्याला वाटणार, हा जमीन मागायला आला.

“जमीन!” बोसे एवढे दचकले की मला हसू आलं. “मला बाल्कनीतल्या कुंड्या सांभाळत नाहीत.”

“मग तेच सांगा. सगळ्यात आधी.”

२० नोव्हेंबर

बोसे वाक्य पाठ करतायत. जिन्यातून वर ऐकू येतं.

२४ नोव्हेंबर

दुपारी फोन लावला. आमच्या टेबलावर, स्पीकरवर, कारण बोसेंना ऐकू कमी येतं आणि एकट्याने करायचं नव्हतं. सिद्धांत, ईप्सिता, मी – तिघं भोवती.

पलीकडे जाड आवाज. मागे कुत्रं भुंकत होतं. बोसेंनी एका दमात म्हटलं: “माझं नाव मानफ्रेड बोसे. माझा जन्म १९४७ साली ब्राउनश्वाइगला झाला. थॉमस रुआन माझे वडील होते. मला जमीन नको.”

कुत्रंसुद्धा गप्प झालं.

मग तो म्हणाला, “कुठे, म्हणालात? जर्मनीत?”

“हो. जर्मनीत.”

“मला आईशी बोलायला हवं,” तो म्हणाला. “ती ब्याण्णव वर्षांची आहे. मी फोन करतो तुम्हाला.” ठेवला.

म्हणजे नोरा आहे! थॉमसची बहीण जिवंत आहे!

पण आवाज कसला होता त्याचा? मला ओळखता येईना. रागाचा नव्हता. दार लावणाऱ्या माणसाचाही नव्हता – का होता? सदतीस वर्षं असले आवाज ऐकले, तरी सांगता येत नाही. आणि आता मी अंदाज बोलणार नाही.

बोसे सगळ्यांशी हस्तांदोलन करून गेले. जणू परीक्षा देऊन आले होते.

२६ नोव्हेंबर

फोन नाही.

२७ नोव्हेंबर

नाही. बॅग भरायला काढली. सोमवारचं विमान. व्हिसा संपतोय, नाहीतर थांबले असते. हे म्हणतात, ये आता, विहिरीची नोंद अजून चढलेली नाही!

बोसे खिडकीशी बसून असतात. पाव आणायलाही मोबाइल हातात धरूनच जातात.

२८ नोव्हेंबर

मी निघायच्या आत कळलं तर बरं. नाहीतर ईप्सिता कळवेल. पण मला त्यांचा चेहरा बघायचाय.

३० नोव्हेंबर

फोन आला. आम्ही खाली बोसेंच्याच स्वयंपाकघरात होतो. डर्मट म्हणाला, उशीर झाला, माफ करा, आईला रोज थोडंथोडंच आठवतं. आमच्या घरामागे, ओढ्याच्या बाजूला एक शेत आहे. कधी नांगरलं नाही, कधी विकलं नाही, दोनदा चांगलं गिऱ्हाईक आलं तरी आई देईना. आम्ही लहानपणापासून त्याला ‘जर्मनाचं’ म्हणतो. कशामुळे, कुणालाच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, लढाईत एखादं जर्मन विमान पडलं असेल तिथे. परवा आईला विचारलं. ती म्हणाली, टॉमने मरताना सांगितलं होतं – हे ठेवा. माझं मूल आहे तिकडे.